शेवटच्या माणसाच्या मागे

१

चौकशी अधिकारी म्हणून माझी ख्याती एकच, माझा अहवाल वेळेवर येतो. तो पुढे कोणी वाचतं का, हे विचारायचं मी कधीच सोडून दिलं आहे. कुठेतरी काहीतरी बिनसलेलं असतं, कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं असतं, आणि ते फोडायला निवृत्तीला टेकलेला, आवाज न चढवणारा माणूस लागतो. मग माझी आठवण होते.

हे प्रकरणही तसंच वाटलं. एका फरारी माणसाला पकडायला सहा जणांचं पथक त्याच्या बहिणीच्या घरी गेलं. फरारी सापडला नाही. बहीण मात्र पथकाच्या गोळीने गेली. ती घरी शिवणकाम करायची. दार फुटलं तेव्हा ती दाराशीच होती आणि तिच्या हातात कापड कापायची लांब कात्री होती. मंद उजेडात कात्री कात्रीसारखी दिसली नाही, एवढंच.

ठरलं होतं ते वेगळं. ती रोज दुपारी शिवलेले कपडे पोचवायला पुढच्या जिन्याने बाहेर पडायची. ती गेली की फाटकावरचा शिपाई तसं कळवणार आणि मगच पथकाने मागच्या जिन्यावरून, स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरायचं. मागचा जिना कोणी वापरत नव्हतं. तिथला दिवाही गेलेला होता. जिन्याच्या तळाचं जाळीचं दार पथकाने जिन्यात शिरल्यावर स्वतःच कुलूप घालून बंद केलं होतं.

अशा वेळी ही माणसं एकामागे एक उभी राहतात. प्रत्येकाचा डावा हात पुढच्याच्या खांद्यावर. बोलायचं नाही, खोकायचं नाही. बाहेरचा निरोप फक्त शेवटच्याच्या कानातल्या यंत्रात येतो. निरोप आला की तो पुढच्याचा खांदा दोनदा दाबतो, तो त्याच्या पुढच्याचा, आणि असं करत ते पहिल्यापर्यंत पोचलं की पहिला दार फोडतो. मागून आलं की पुढे द्यायचं. विचार करायचा नाही. त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं घोटून घेतलेलं असतं.

त्या दुपारी निरोप आलाच नव्हता. शिपायाने काही कळवलंच नव्हतं, कारण बाई घराबाहेर पडलीच नव्हती. तरी खांदे दाबले गेले. कोणी सुरुवात केली, एवढंच मला शोधायचं होतं. म्हटलं, दोन दिवसांचं काम आहे.

२

चौकशीची खोली म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि फिरताना कुरकुरणारा पंखा. कोपऱ्यात टंकलेखिका बाई. आम्ही इतकी वर्षं एकत्र काम केलं आहे, की मी घसा खाकरला तरी त्या नवा परिच्छेद सुरू करतात.

पहिला आला तो पैलवान. पथकात त्याला तेच म्हणतात. दार फोडणारा तो आणि गोळी झाडणाराही तोच. एवढा थोराड माणूस, पण खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागला. बाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"मागून आलं, साहेब. मागून आलं म्हणून मी दार फोडलं."

दुसराही तेच म्हणाला. तिसरा, चौथा, सगळ्यांचं तेच. प्रत्येकाने हात झटकले आणि अंगठा पाठीमागे दाखवला. मला यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे अख्खी कचेरी असंच बोलते.

पाचवा नुकताच लग्न झालेला होता, म्हणून त्याचं नाव नवरदेव पडलं होतं. त्याला विचारलं, "तुझ्या खांद्यावर कोणाचा हात होता?"

"आजोबांचा."

"वळून बघितलंस?"

"बघायला कशाला लागतं, साहेब? त्यांचा अंगठा जाड आहे. कळतो."

आजोबा म्हणजे पथकातला सगळ्यात वयस्कर. नातवंडं नव्हती, पण केस पांढरे झाले होते, तेवढं चिडवायला पुरलं होतं. घरी अंथरुणाला खिळलेली बायको होती. शेवटची जागा नेहमी त्याची असायची, कारण शेवटी डोकं थंड असलेला माणूस लागतो.

"तुम्ही नवरदेवाचा खांदा दाबलात?" मी विचारलं.

"दाबला, साहेब."

मी बाईंकडे बघितलं. दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात झालं होतं.

"निरोप आला नसताना?"

"मला मागून आलं."

टंकयंत्र थांबलं.

"मागून म्हणजे कुठून?"

"मागून म्हणजे मागून, साहेब. खांद्यावर दोनदा दाबलं. मी पुढे दिलं."

"तुमच्या मागे कोण होतं?"

त्याने टेबलाच्या कडेकडे बघितलं. मग म्हणाला, "भिंत होती."

३

वरच्या साहेबांचा फोन आला. ते नेहमी घाईत असतात. "शेवटचा माणूस ना? मग झालं तर. घाबरला, दाबलं. गुंडाळून टाका."

गुंडाळणं म्हणजे आजोबाची नोकरी तर जाणारच होती, वर सदोष मनुष्यवधाचा खटलाही उभा राहणार होता. मी अशी पुष्कळ माणसं गुंडाळली आहेत आणि मला रात्री झोप लागते. पण हा माणूस डोक्यातून जाईना. खोटं बोलणारा इतकं वाईट खोटं बोलत नाही. मी तर त्याला वाटही करून दिली होती. म्हटलं, कानातल्या यंत्रात काही खरखर झाली असेल, तुम्हाला तोच निरोप वाटला असेल. 'हो' म्हणाला असता तर निम्मा सुटला असता.

"कानात काही नाही आलं, साहेब. खांद्यावर आलं," एवढंच तो म्हणाला.

वेड लागलं असेल, असंही वाटून बघितलं. पण त्याचं बाकीचं सगळं बोलणं ठाकठीक होतं.

मग मला एक गोष्ट सुचली आणि फार दिवसांनी कामात जीव आला. तो फरारी पूर्वी याच खात्यात होता. हे खांदे दाबणं तोही शिकलेला होता. तो आधीपासून त्या अंधाऱ्या जिन्यात दबा धरून असेल तर? शेवटच्याच्या मागे येऊन त्यानेच दोनदा दाबलं असेल आणि दार फुटल्याच्या गोंधळात निसटला असेल तर? सगळं जुळत होतं. जाळीला कुलूप होतं हे खरं, पण कुलपं काय, उघडतात. आजोबाही सुटत होता.

बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे सख्ख्या बहिणीच्या दारावर त्यानेच माणसं घातली?"

"तिला काही होईल असं वाटलं नसेल त्याला."

"तुम्हाला असं वाटून घ्यायचंय, म्हणून वाटतंय," ती म्हणाली आणि दिवा मालवून कुशीवर वळली.

४

आम्ही त्या इमारतीत गेलो ते भर दुपारी. पथकातले सहा, मी आणि बाई. हत्यारं कोणाकडेच नव्हती.

बाहेर लख्ख ऊन होतं. मागच्या जिन्यात पाय टाकला आणि डोळ्यांना काही दिसेना. मग भिंतीतल्या एका झरोक्यातून थोडा उजेड येतो हे लक्षात आलं. जिना अरुंद, पायऱ्या झिजलेल्या. अर्ध्यावर एक छोटा चौक लागतो, तिथे जिना वळतो, आणि वरच्या पायऱ्या सरळ स्वयंपाकघराच्या दाराला जाऊन भिडतात. पाच जण त्या पायऱ्यांवर उभे राहिले. आजोबा चौकात राहिला, तोंड दाराकडे आणि पाठ भिंतीला.

"असेच उभे होतात? की थोडे पुढे?"

"असाच, साहेब. पुढे जागाच नाही."

मी त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये शिरायचा प्रयत्न केला. माझं पोट आड आलं. नवरदेव खाली मान घालून हसला. मग त्यालाच शिरायला लावलं. तो काटकुळा होता, तरी जमेना. आजोबाला पुढे ढकलावं तर पायरी आडवी येत होती. हाताचा पंजा कसाबसा आत जाईल, एवढीच जागा होती. भिंतीवर मी बोटांनी ठोकून बघितलं. जुनी, जाड भिंत होती. हाताला गार लागत होती.

माझी सगळी हुशारी त्या चौकात संपली. फरारी तिथे उभा राहू शकला नसता. कोणीच राहू शकलं नसतं. मला एकदम फार थकवा आला. आता परत जायचं, आजोबाचं नाव लिहायचं आणि घरी जायचं, असं मनाशी म्हटलं.

तरीपण आलोच आहोत तर एकदा तसंच करून बघू, म्हणून मी बाईंना आत पाठवलं. स्वयंपाकघराला फळ्यांचं नवं दार कच्चं बसवलेलं होतं. बाईंनी आत जायचं, फरारीची बहीण कुठे उभी होती त्या जागेवर खडूची खूण करायची, तिथून बाजूला व्हायचं आणि मग "या" म्हणून हाक मारायची, असं ठरलं. हाक आली की मी दाबणार होतो आणि पैलवान दार फोडणार होता, म्हणजे निरोप पुढे पोचायला किती वेळ लागतो तेही कळलं असतं. शेवटच्या जागेवर मी स्वतः उभा राहिलो. आजोबाला खालच्या पायऱ्यांवर उभं केलं. तिथून त्याला मी बाजूने दिसत होतो.

५

मी पाठ भिंतीला लावली. डावा हात नवरदेवाच्या खांद्यावर ठेवला. पुढे कोणीतरी नाक ओढलं. मग सगळं शांत झालं.

आत बाईंच्या चपलांचा आवाज येत होता. त्या इकडे तिकडे चालत होत्या. खडू फरशीवर घासल्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, वाकल्या असतील, त्यांची कंबर दुखते, त्यांना हे सांगायला नको होतं. त्या जागेत वाट बघणं इतकं काही वाईट नव्हतं. पुढे पाच पाठी होत्या आणि माझ्या हाताखाली एक ऊबदार खांदा. मला डुलकी लागेल असं वाटलं.

माझ्या खांद्यावर हात आला.

खरं सांगतो, मी दचकलो नाही. तीच गोष्ट मला आज सगळ्यात भयंकर वाटते. तो हात तिथे असणं अगदी साहजिक वाटलं. जरासा जड होता, दिवसभर काम केलेल्या माणसाचा असतो तसा. चार बोटं पुढे आणि अंगठा मागे, जिथे भिंत होती तिथे. मी त्याच्यासाठी मान थोडी बाजूला केली.

खालच्या पायरीवर आजोबा उभा होता. झरोक्यातला उजेड त्याच्या तोंडावर होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या कानाच्या जरा खाली, खांद्यावर बघत होता, आणि त्याचं तोंड उघडं होतं.

खांद्यावर दोनदा दाब आला.

मी दाबलं नाही असं मला वाटत होतं. मला वाटत होतं की मी नुसता उभा आहे, बाईंची हाक अजून आलेली नाही, आणि हे काय होतंय याचा आता विचार करायला हवा. तेवढ्यात पुढून पैलवानाच्या पायांचा आवाज आला. दार फुटलं. बाईंनी किंकाळी फोडली. तेव्हा मी खाली बघितलं. माझी बोटं नवरदेवाच्या खांद्यात रुतलेली होती.

६

बाई खूण करायला वाकल्या होत्या. फळी मनगटावर बसली आणि हाड मोडलं. डोक्याला लागलं असतं तर, हा विचार मी करत नाही, म्हणजे करायचा नाही असं ठरवतो. पैलवान तिथेच फरशीवर बसला आणि पुन्हा रडायला लागला.

"मी हाक मारली नव्हती," बाई म्हणाल्या. त्या मला एवढ्या मोठ्याने कधी बोलल्या नव्हत्या. "जगाला शिस्त शिकवता आणि स्वतःला दोन मिनिटं धीर धरवत नाही?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"माझ्याकडून चुकून दाबलं गेलं," मी म्हणालो.

दुसरं काय सांगणार होतो? मागून आलं म्हणून? आजोबा जे सगळ्यांसमोर खुर्चीत बसून सांगू शकला, ते म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मला स्वतःची लाज वाटली आणि तरीही मी परत तेच म्हणालो, चुकून दाबलं गेलं.

बाईंना घेऊन सगळे उतरले. आम्ही दोघंच मागे राहिलो. आजोबा चौकात यायला तयार नव्हता, पायरीवरूनच बोलला.

"साहेब, तुमचा शर्ट दबला."

"काय?"

"खांद्यावर. कापड आत गेलं. दोनदा." त्याने स्वतःच्या खांद्याला बोट लावून जागा दाखवली. "बाकी काही दिसलं नाही. देवाशपथ, बाकी काहीच नाही."

त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं. इतके दिवस त्याला वाटत होतं की आपलं डोकं फिरलंय आणि ती बाई आपणच मारली.

७

बाईंच्या हाताला प्लास्टर, म्हणून अहवाल मी हाताने लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी चौकशीत खोटं लिहिलं, आणि फार बरं वाटलं. फरारी जिन्यात दबा धरून होता, खात्याची पद्धत त्याला माहीत होती, त्यानेच मागून दाबलं, शेवटच्या माणसाचा दोष नाही. चौकातल्या जागेची मापं गाळली. वरच्या साहेबांना फोनवर सांगितलं तर त्यांना हे पसंत पडलं. "त्याच्या नावावर आणखी एक," ते म्हणाले. "तसा तो सापडतोय कुठे!"

आजोबाला मी मुद्दाम बोलावून सांगितलं. खरं तर सांगायची गरज नव्हती, हुकूम गेलाच असता. पण चांगली बातमी स्वतःच्या तोंडाने सांगायची संधी आमच्या कामात येत नाही. माझी खुर्ची आता भिंतीपासून दूर, खोलीच्या मधोमध होती. बाईंनी कारण विचारलं तेव्हा पंख्याचं नाव सांगितलं होतं.

"सुटलात," मी म्हणालो. "मानाने कामावर."

तो हसला नाही. "त्याच पथकात?"

"त्याच."

"म्हणजे त्याच जागेवर."

पंखा कुरकुरत होता.

"साहेब, एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "तो हात त्या दिवशी पहिल्यांदा आला नाही. पुष्कळ वर्षं आहे. वेगवेगळ्या घरी, वेगवेगळ्या जिन्यांवर. नुसता ठेवलेला असायचा. पहिल्यांदा माझी गाळण उडाली होती. मग सवय झाली. नंतर नंतर तर आधारच वाटायचा. सगळ्यांच्या मागे कोणीतरी असतं, शेवटच्याच्या मागे कोणी नसतं ना? दाबलं मात्र कधीच नव्हतं." त्याने ओठ पुसले. "आता दाबायला लागलाय."

त्याच्यासाठी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी मीच पिऊन टाकलं.

"मला दोषी ठरवा, साहेब."

"डोकं ठिकाणावर आहे का? तुरुंगात जाल."

"जाईन."

"घरी कोण बघेल?"

"धाकटा भाऊ बघेल. बोललोय मी त्याच्याशी." तो हे आधीच ठरवून आला होता. "पाया पडतो तुमच्या. मला त्या जागेवर परत उभं नका करू."

अहवाल माझ्यासमोर होता. अजून पाठवला नव्हता. एक पान बदललं की झालं असतं. त्याला काय वाटतंय हे जगात मला एकट्यालाच कळत होतं, आणि त्याने मागितलेलं देऊन टाकावं असं मला मनापासून वाटलं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मग शेवटी कोण उभं राहील?"

शेवटचा गेला की त्याच्या पुढचा एक जागा मागे येतो. ही त्यांचीच रीत होती, त्याला मी सांगायची गरज नव्हती. नवरदेवाचं नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही.

"त्याला सांगून ठेवलं तर?" त्याने विचारलं.

"काय सांगाल?"

तो गुडघ्यावर हात फिरवत बसला. बाहेरच्या खोलीत कोणीतरी फोनवर हसत होतं. त्याच्याकडे बघवेना म्हणून मी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. मला वाटलं तो रडेल, किंवा मला शिव्या घालेल, आणि त्याने तसं केलं असतं तर मला चाललं असतं.

"राहू द्या मग," तो म्हणाला. "लिहिलंय तेच राहू द्या. मीच उभा राहतो."

तो उठला. खुर्ची जागेवर सरकवली. दारापर्यंत गेला आणि मागे वळला. शाळेत पहिल्यांदा एकट्याने जाणारं पोर आईकडे बघतं, तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

"साहेब, मागून आलं तरी पुढे द्यायचं नाही. एवढंच करायचं ना?"

मी माझा डावा हात टेबलाखाली घेतला.

"हो," मी म्हणालो. "एवढंच."